पण त्या गावाला काय भेटलं? पार्क्स, खोडद आणि औंढ्याची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाची ही लेखी संहिता. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका सिनेमापासून सुरू होतो आणि आपल्या मराठवाड्यात येऊन थांबतो. मध्ये ऑस्ट्रेलिया आहे, कल्याण आहे, नारायणगाव आहे आणि थोडा मंगळसुद्धा आहे. घाबरू नका, सगळं एका दोरीत ओवलेलं आहे. ती दोरी म्हणजे माझ्या वडिलांनी विचारलेला एक प्रश्न.

आमच्या अण्णांनी जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये उभी हयात काढली. लालबुंद सळई रोलरमधून सापासारखी सळसळत बाहेर येताना ज्यांनी पाहिलीय त्यांना ते काम काय असतं ते माहीत आहे. निवृत्त झाल्यावर त्यांना सिनेमे बघायची सवय लागली. एका पावसाळी संध्याकाळी मी त्यांना 'द डिश' नावाचा ऑस्ट्रेलियन सिनेमा दाखवला. सन २००० चा, दिग्दर्शक रॉब सिच. इंग्रजी त्यांना जेमतेम कळतं, म्हणून मी शेजारी बसून सांगत होतो.

गोष्ट साधी आहे. पार्क्स नावाचं एक आडगाव. गावाबाहेर मेंढ्या चरतात आणि त्या मेंढ्यांच्या कुरणात ६४ मीटर व्यासाची एक अजस्र रेडिओ दुर्बीण उभी आहे. १९६९ साली अपोलो ११ चंद्रावर उतरणार, त्याची टीव्हीवरची चित्रं या दुर्बिणीतून जगाला दाखवायची असं ठरतं. आणि मग गावात जी काय धांदल उडते! नगराध्यक्षांना घाम फुटतो. अमेरिकेचे राजदूत येतात, तर त्यांच्या स्वागताला गावचा बँड अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणून एका टीव्ही मालिकेची धून वाजवतो. दुर्बिणीवरची पोरं फावल्या वेळात त्या तबकडीतच क्रिकेट खेळतात. ऐन वेळी गावची लाईट जाते, जनरेटर चालू होत नाही आणि चंद्राकडे निघालेलं यान यांच्या हातून हरवतं! इथे अण्णा इतके हसले की विचारू नका. लाईट गेली आणि जनरेटर चालू होईना, ही गोष्ट जालन्याच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

सिनेमा संपला. सगळं गोड झालं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "चांगलाय. पण त्या गावाला काय भेटलं रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा भाग म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

खरं काय घडलं होतं

आधी सिनेमातलं खरं आणि खोटं वेगळं करू. लाईट जाऊन यान हरवलं, हे खोटं. तसं काही झालं नव्हतं. पण जे खरं झालं ते सिनेमापेक्षा कमी थरारक नव्हतं.

२१ जुलै १९६९, सोमवार. आपल्याकडे सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं झाली होती तेव्हा नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाय ठेवला. आपल्या देशात तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत होता, मुंबईला तो १९७२ मध्ये आला. जालना तर तेव्हा जिल्हासुद्धा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्यामुळे अण्णांच्या आठवणीतला चंद्र हा रेडिओवरचा चंद्र आहे. गल्लीत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर माणसं जमली होती, एवढंच ते सांगतात.

तिकडे पार्क्सला दुपार होती आणि वादळ सुटलं होतं. चंद्र नुकताच उगवत होता, त्यामुळे तबकडी पूर्ण खाली झुकवून ठेवावी लागली होती. मोठी छत्री वाऱ्याच्या तोंडावर आडवी धरली तर काय होतं, तसाच प्रकार. ताशी ११० किलोमीटरचे दोन झोत लागोपाठ आदळले. एवढ्या वाऱ्यात दुर्बीण चालवायची नाही, हा नियम होता. धोक्याच्या घंटा वाजल्या. तिथले संचालक जॉन बोल्टन यांनी दुर्बीण चालूच ठेवायची असं ठरवलं. चंद्रावरची पहिली काही मिनिटांची चित्रं अमेरिकेतल्या गोल्डस्टोन आणि कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीक या केंद्रांकडून आली. पुढे पार्क्सचं चित्र जास्त स्वच्छ आहे असं दिसल्यावर उरलेलं सगळं प्रक्षेपण, म्हणजे दोन तासांहून जास्त, पार्क्सकडून गेलं. जगभरात सुमारे ६० कोटी माणसांनी ते पाहिलं असं मानतात.

आता गंमत बघा. सिनेमात हनीसकल क्रीकचं श्रेय जवळपास गायब आहे आणि तिथे काम केलेल्या लोकांना ते लागलंही. म्हणजे लहान गावाचं कौतुक करणाऱ्या सिनेमातसुद्धा दुसरं एक लहान ठिकाण विसरलं गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ऑस्ट्रेलियाच्या बत्तीस तबकड्या

पार्क्सची दुर्बीण बांधली सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञानसंस्थेने. ती १९६१ साली सुरू झाली. याच संस्थेत, पण पार्क्सच्या आधी, १९५३ मध्ये एक तरुण भारतीय शिकायला गेला होता. त्याचं नाव गोविंद स्वरूप. जन्म १९२९ चा, उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाऱ्याचा.

सिडनीजवळ पॉट्स हिल नावाच्या जागी या संस्थेने सूर्याचा अभ्यास करायला ३२ लहान तबकड्या ओळीत मांडल्या होत्या. एकेकीचा व्यास सहा फूट. काही काळाने त्यांचं काम संपलं. स्वरूप यांनी आपले तिथले ज्येष्ठ जो पॉझी यांना गळ घातली, की तुम्हाला नको असतील तर आम्हाला द्या. आपल्याकडे एखाद्या संस्थेने जुनी बाकं गावच्या शाळेला द्यावीत ना, तसं. त्या तबकड्या भारताला मिळाल्या. बरीच वर्षं दिल्लीत पडून राहिल्या. स्वरूप मधल्या काळात अमेरिकेत स्टॅनफर्डला होते. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते १९६३ मध्ये परत आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. मग १९६५ मध्ये त्या ३२ तबकड्या उभ्या राहिल्या कुठे, तर आपल्या कल्याणला!

भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचा पाळणा असा कल्याणला हलला. आज त्या बाजूने लोकलने जाताना तिथे कधी तबकड्या सूर्याचं ऐकत होत्या, यावर विश्वास बसत नाही.

पुढे स्वरूप यांनी उटीला, डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली. ती १९७० मध्ये सुरू झाली. डोंगराचा उतार आणि त्या जागेचे अक्षांश दोन्ही ११ अंशांच्या आसपास. उताराचा फायदा घेऊन दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवला, त्यामुळे एकाच दिशेने फिरवलं की तारा मागून मागून पकडता येतो. पैसे कमी असले की डोकं कसं चालतं त्याचं हे उदाहरण.

खोडद

आणि मग आलं खोडद. पुण्याच्या उत्तरेला, जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला असलेलं हे गाव. द्राक्षं, टोमॅटो, कांदा, ऊस असा बागायती मुलूख. नारायणगाव म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात: विठाबाई आणि तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेसाठी फड ठरवायला येतात. तर या तमाशाच्या पंढरीपासून थोड्या अंतरावर, नव्वदच्या दशकात, तीस तबकड्यांची एक दुर्बीण उभी राहिली. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. २००२ पासून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ इथे वेळ मागायला येतात. एकीकडे जत्रेच्या तारखा ठरतात, दुसरीकडे आकाशगंगांच्या.

एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची. चौदा तबकड्या खोडदजवळ एका चौरसात, उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर. पूर्ण पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. म्हणजे शेतात नांगर चालू आहे आणि बांधापलीकडे मारुतीच्या देवळापेक्षा कितीतरी उंच अशी एक तबकडी आभाळाकडे तोंड करून उभी आहे, असं दृश्य.

मी तिथे गेलो तो २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी. त्या दिवशी दुर्बीण सगळ्यांसाठी खुली असते आणि शाळकरी पोरांचं विज्ञान प्रदर्शन भरतं. खरं सांगू? ती जत्राच असते. सोबत अण्णा होते. त्यांनी तबकडीकडे बराच वेळ मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ही तर जाळी आहे."

बरोबर ओळखलं त्यांनी. हीच स्वरूप यांची युक्ती. पार्क्सची तबकडी जड, वारा अडवणारी. खोडदची तबकडी म्हणजे पोलादी दोरांवर ताणून बसवलेली बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी. तार अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडीची. रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना जाळीची भोकं जाणवत नाहीत, त्या परावर्तित होतात. वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे खालचा सांगाडा हलका करता आला, खर्च वाचला. आयुष्यभर पोलाद बघितलेल्या माणसाला ही गोष्ट एका नजरेत कळली. मला ती पुस्तकात वाचावी लागली होती.

मंगळावरून आलेली शीळ

आता मूळ मुद्दा. पार्क्सला जसा चंद्राचा दिवस आला, तसा खोडदला मंगळाचा दिवस आला. तारीख १९ ऑक्टोबर २०१६.

युरोपीय अवकाश संस्था आणि रशिया यांची 'एक्झोमार्स' मोहीम मार्चमध्ये निघाली होती. मुख्य यान मंगळाभोवती फिरणार होतं आणि 'स्कियापारेली' नावाचा एक छोटा लँडर खाली उतरणार होता. वजन सुमारे ५७७ किलो, म्हणजे आपल्या लहान गाडीपेक्षाही हलका. उतरायला वेळ लागणार जेमतेम सहा मिनिटं. सुरुवातीचा वेग ताशी २१,००० किलोमीटर.

लँडर उतरताना एक साधा रेडिओ सूर सतत सोडत राहणार होता. त्याचा प्रक्षेपक काही वॅटचा, घरातल्या झीरोच्या बल्बच्या पंक्तीतला. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर. आणि हा सूर पृथ्वीशी बोलायला नव्हताच मुळी. तो मंगळाभोवतीच्या यानांनी ऐकायचा आणि नंतर सावकाश पृथ्वीकडे पाठवायचा, असा बेत होता. पण उतरतानाच ऐकता आलं तर? त्यासाठी त्या वेळी जिथे मंगळ आभाळात वर आहे अशी जागा हवी, ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकणारी फार मोठी दुर्बीण हवी आणि भोवताली शांतता हवी. भारतात तेव्हा संध्याकाळ उलटून गेलेली असणार, मंगळ नैऋत्येला. खोडद!

अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या लोकांनी आपली यंत्रं तिथे आणून जोडली. युरोपीय संस्थेने आधीच सांगून ठेवलं होतं, की हा प्रयोग आहे, जमेल याची खात्री नाही.

जमलं. उतरण्याच्या सुमारे सव्वा तास आधी लँडर झोपेतून जागा झाला आणि खोडदच्या तबकड्यांनी त्याचा सूर पकडला. जर्मनीत डार्मश्टाटच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या लोकांना आपलं लेकरू जागं झालंय ही बातमी पुणे जिल्ह्यातल्या शेतांमधून कळली.

या सुरात माहिती काही नव्हती, नुसता सूर. पण एसटी हॉर्न वाजवत जवळून निघून गेली की आवाज कसा बदलतो? तसंच इथे. सुराची पट्टी बदलली की यानाचा वेग बदलला असं कळतं. लँडर वातावरणात शिरला, वेग घटला, पट्टी बदलली. बारा मीटरची हवाई छत्री उघडली, पुन्हा बदल. साडेसतरा कोटी किलोमीटरवर घडलेलं दहा मिनिटांनी खोडदला कळत होतं.

रात्रीचे साडेआठ वाजत आले होते. आणि ठरल्या वेळेच्या सुमारे ५० सेकंद आधी सूर थांबला.

काय झालं ते पुढे चौकशीत कळलं. छत्री उघडल्यावर लँडर जोरात हेलकावला. त्याची गती मोजणारं उपकरण साधारण एक सेकंदभर भांबावलं, तेवढ्यावर संगणकाने हिशेब केला आणि उत्तर काढलं, की आपण जमिनीच्या खाली आहोत! मग त्याने छत्री सोडून दिली, इंजिनं अर्धा मिनिट चालवायची ती तीन सेकंदात बंद केली आणि लँडर सुमारे पावणेचार किलोमीटर उंचीवरून दगडासारखा खाली आला. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या एका यानाने घेतलेल्या फोटोत मंगळावर एक काळा डाग दिसला.

खोडदच्या सुराने 'का' हे सांगितलं नाही. ते कक्षेतल्या यानाने साठवलेल्या माहितीतून कळलं. खोडदने सांगितलं, की इथपर्यंत तो होता. माणूस दवाखान्यात असताना उशाशी बसलेला माणूस जे सांगू शकतो ते. मला हे पार्क्सच्या विजयापेक्षा कमी वाटत नाही.

सिनेमा मात्र यावर कुणी काढणार नाही. शेवट गोड नाही ना.

शांततेचं बिल

परत अण्णांच्या प्रश्नाकडे. गावाला काय भेटलं?

आधी, गावाने काय दिलं ते बघू. पार्क्सने काय दिलं, खोडदने काय दिलं? जागा, हो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शांतता. कानाला लागणारी नव्हे, रेडिओची शांतता.

ती किती नाजूक असते याची पार्क्सचीच एक खरी गंमत ऐका. तिथल्या दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून एक विचित्र संकेत दिसायचा. अवकाशातून येतोय की पृथ्वीवरून, कळेना. २०१५ मध्ये छडा लागला. वेधशाळेतलेच लोक मायक्रोवेव्ह ओव्हनचा वेळ संपण्याआधी दार उघडत होते! भूक लागली, दार ओढलं, की दुर्बिणीत 'गूढ' संकेत. सिनेमावाल्यांनी हा प्रसंग लिहिला असता तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

एका ओव्हनच्या दाराने हे होतं, तर मोबाईल टॉवरने, कारखान्याच्या मोटारींनी, वेल्डिंगने काय होईल? अण्णांच्या मिलशेजारच्या इंडक्शन भट्टीचा विचार करा. जालन्याच्या एमआयडीसीजवळ अशी दुर्बीण उभीच राहू शकली नसती. दुर्बिणीला जे नको असतं, नेमकं तेच जालन्याचं पोट भरतं.

आणि म्हणून खोडदच्या परिसरात नवा उद्योग आणायचा किंवा टॉवर उभा करायचा तर दुर्बिणीची ना-हरकत लागते. आता तर रेल्वेचा प्रश्न उभा राहिलाय. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा होता. पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेची वाट बघणारा हा पट्टा. विजेच्या गाडीचा वरचा हात तारेला घासताना ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी रेडिओ गोंगाट करते. २०२४-२५ मध्ये केंद्राने सांगितलं, की दुर्बिणीमुळे या मार्गाने गाडी नेता येणार नाही, शिर्डी आणि अहिल्यानगरकडून नेऊ. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागात याचा राग आहे. काहीतरी तांत्रिक तोड काढा, पण गाडी आमच्याकडूनच न्या, ही मागणी तिथे जोरात आहे.

रेल्वे म्हणजे काय हे जालन्याला कुणी शिकवू नये. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमाराला हैदराबाद-मनमाड लाईन आली आणि जालन्याची बाजारपेठ बदलून गेली. जालना-जळगाव लाईनला केंद्राची मंजुरी मिळायला २०२४ साल उजाडलं. त्यामुळे नारायणगावच्या टोमॅटोवाल्याचं दुखणं मला कळतं. त्याला कुणी सांगितलं, की तुझी गाडी आकाशगंगांसाठी वळवली, तर तो काय म्हणेल?

आणि तरीही मी दुर्बिणीच्या बाजूने आहे. लपवत नाही. २०२३ च्या जूनमध्ये जगातल्या काही गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की अवकाश-काळात सतत चालणाऱ्या अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा त्यांना मिळाल्या आहेत. त्यात खोडदच्या नोंदी होत्या. असं काम दुसरीकडे नेऊन होत नाही, तीस तबकड्या ट्रकमध्ये घालून हलवता येत नाहीत.

पण मग एक गोष्ट कबूल करावी लागते. 'द डिश' बघताना आपल्याला छान वाटतं, कारण त्या गावाला माहीत आहे की आपण मदत करतोय. नगराध्यक्षापासून बँडवाल्या पोरांपर्यंत सगळे त्यात आहेत. त्यांनी काय सोडलं हे सिनेमा दाखवत नाही, दाखवायची गरज पडत नाही. खऱ्या गावाला मात्र बिल येतं. आणि बिल आलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो: हे मला आधी का सांगितलं नाही?

विज्ञान दिनाच्या त्या जत्रेत पोरांच्या डोळ्यांत जे दिसतं ते फार मोलाचं आहे. खोडदला मिळालेली ती कमाईच आहे. पण ती वर्षातून एकदा. १९ ऑक्टोबर २०१६ ला आपल्या शिवारात मंगळावरचा सूर ऐकू आला, हे त्या पंचक्रोशीत किती घरांत माहीत असेल? जे दिलं त्याचा हिशेब लोकांना नको कळायला?

आता आपली पाळी

हे सगळं मी जालन्यात बसून का सांगतोय?

जालन्याहून मंठ्याला या, मंठ्याहून जिंतूर, जिंतूरहून औंढा नागनाथ. जिल्हा हिंगोली. तिथे लायगो-इंडिया उभं राहतंय. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आत लेसरचा झोत. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या लहरीने नळीच्या लांबीत फरक पडतो, तो मोजायचा. फरक किती, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारो पटींनी लहान.

खोडदला रेडिओची शांतता लागते, औंढ्याला जमिनीची लागणार. जड ट्रक, खडी क्रशर, सुरुंग, रेल्वे, सगळ्याची थरथर तिथे कळणार. अमेरिकेत लुइझियानातल्या लायगोला शेजारच्या जंगलातली लाकूडतोडसुद्धा जाणवते. म्हणजे आज ना उद्या औंढ्याच्या आसपास कुणालातरी सांगितलं जाईल, की इथे क्रशर नको, इथून हा रस्ता नको. तो दिवस येईल हे गृहीत धरून चाला.

मग ते आत्ताच सांगा ना. नळ्या पुरत्या उभ्या राहायच्या आधी, औंढ्याच्या, वसमतच्या, जिंतूरच्या शाळांत जाऊन सांगा, की तुमच्याकडून काय हवंय आणि का हवंय. ग्रामसभेत मराठीत सांगा. बदल्यात काय देता तेही सांगा: शाळेला प्रयोगशाळा, पोरांना शिष्यवृत्ती, स्थानिकांना कामं. आणि पहिली लहर पकडली त्या रात्रीची बातमी दिल्लीआधी औंढ्याच्या चौकात लागू द्या.

औंढ्याची एक कथा तुम्हाला माहीत आहे. नामदेवांना कीर्तन करायचं तर मागे जा म्हणून देवळामागे पाठवलं, तेव्हा देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं, असं म्हणतात. कथा म्हणून सोडून द्या हवं तर. पण ज्याला मागे बसवलंय त्याच्याकडे तोंड फिरवायचं असतं, एवढं त्या गावाला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे.

खोडदहून परत येताना मी अण्णांना स्कियापारेलीची गोष्ट सांगितली. मंगळ, सूर, पन्नास सेकंद, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. बाहेर अंधार पडला होता, गाडी नगरच्या दिशेने चालली होती. म्हणाले, "एवढं झालं तिथं, अन्‌ आपल्याला आत्ता कळतंय?"

गावाला काय भेटलं, याचं पूर्ण उत्तर मला अजून देता येत नाही. पण भेटायला हवं होतं ते काय, हे अण्णांनी सांगून टाकलं. निदान वेळेवर कळायला हवं होतं.

मंडळी, तुमच्यापैकी कुणी नारायणगाव, खोडद किंवा औंढा भागातलं असेल तर जरूर लिहा. २०१६ च्या त्या रात्री तुम्ही कुठे होता, तुम्हाला हे कधी कळलं, औंढ्याला तुमच्या गावात कुणी येऊन काही सांगितलं का, हे मला ऐकायचंय. पुढच्या भागात मंठ्यावरून सरळ न जाता लोणारकडे वळू, तिथे आभाळच खाली आलं होतं. तोवर नमस्कार.